पप्पांचे 19 दिवस आणि आईने कट केलेले फोन

ताई, आम्ही इचलकरंजीत राहतो. माझे पप्पा 52 वर्षांचे आहेत. यंत्रमागावर कामाला आहेत, महिन्यातले निम्मे दिवस रातपाळी. सतराव्या वर्षापासून विडी ओढतात, रोज एक बंडल तरी होतंच. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे सिनेमाला गेलो होतो. सुरुवातीला तंबाखूविरोधी ती मुकेशची जाहिरात लागली आणि पप्पा एकदम गप्प झाले. घरी आल्यावर बंडलावरचा, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा नंबर माझ्याकडून वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. मग 19 दिवस विडीला हात लावला नाही. तुळशीच्या लग्नानंतर चुलतभावाचं लग्न होतं, तिथे एक ओढली आणि आठवड्यात सगळं पहिल्यासारखं. त्या फोनवाल्यांचे नंतर दोन-तीनदा फोन आले होते, पण पप्पा पाळी करून झोपलेले, म्हणून आईने कट केले. आता पप्पा म्हणतात, "त्या फोनानं काय होत न्हाई. जाहिरात बघून फोन केलेल्या कुणाचं सुटलंय, दाखवा." धाकटा भाऊ टीव्हीवर तशी जाहिरात लागली की आवाज मोठा करतो आणि म्हणतो, "पप्पा, तुमचा मुकेश आला बघा." पप्पा उठून बाहेर जातात आणि बाहेर जाऊन विडीच ओढतात. भीती दाखवून उपयोग होतो का? आणि परत फोन करायला लावण्यात काही अर्थ आहे का?
– एक मुलगी, इचलकरंजी

प्रिय लेकी,

पप्पांचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे आधी त्यालाच उत्तर देते. "कुणाचं सुटलंय, दाखवा" असं ते म्हणतात ना? दाखवता येतं. फोन करणाऱ्यांना वर्षभराने पुन्हा गाठून "आता ओढता का?" असं विचारण्याचं काम काही देशांत नीट झालेलं आहे.

स्कॉटलंडमध्ये 1992 साली 'स्मोकलाइन' नावाची मोफत फोनसेवा सुरू झाली. तिच्या जोडीला टीव्हीवर जाहिराती होत्या आणि त्यात फोनचा नंबर असायचा. पहिल्या वर्षात सुमारे 83 हजार नियमित धूम्रपान करणाऱ्यांनी तिथे फोन केला. त्या देशातल्या सगळ्या प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांपैकी जवळपास 6 टक्के. त्यातल्या काहींचा पुढे मागोवा घेतला. वर्षाच्या शेवटी ज्या 607 जणांचा हिशेब लागला, त्यांतल्या 143 जणांनी सोडल्याचं सांगितलं. म्हणजे शंभरात साधारण 24. इंग्लंडमध्येही असंच झालं. जाहिरातींची मोहीम चालू असताना वर्षभरात 5 लाखांच्या आसपास लोकांनी 'क्विटलाइन'ला फोन केला आणि वर्षानंतर 22 टक्के लोक म्हणाले, "सुटली."

पण मी तुला अर्धवट सांगणार नाही, कारण पप्पांसारखा माणूस अर्धवट गोष्ट लगेच ओळखतो. "सुटली" असं तोंडाने सांगणं वेगळं आणि खरंच सुटणं वेगळं. इंग्लंडच्या अभ्यासकांनी हे स्वतःच मान्य केलं. जे पुन्हा बोलायला तयार नव्हते ते अजून ओढतच असणार असं त्यांनी धरलं, जे सुटली म्हणाले त्यांतलेही काही तपासणीत टिकणार नाहीत असं धरलं आणि आकडा 15.6 टक्क्यांवर आणला. शंभरातले 15-16. मला हा खाली आणलेला आकडाच जास्त विश्वासाचा वाटतो. शिवाय जो माणूस जाहिरात बघून आपणहून नंबर फिरवतो, त्याचं मन आधीच अर्धं तयार झालेलं असतं. त्यामुळे सगळं श्रेय फोनला देता येत नाही. तरीही पप्पांना हे सांग: जाहिरात बघून फोन केलेल्यांचं सुटतं, बहुतेकांचं पहिल्या खेपेला सुटत नाही, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ, जी तू लिहिलीस आणि पुढे निघून गेलीस. मी मात्र तिथेच अडकले. "आईने कट केले."

आईला दोष देऊ नकोस. रात्रभर मागांच्या खडखडाटात उभा राहून आलेला माणूस डोळा लागून पडलाय आणि अनोळखी नंबरवरून फोन वाजतोय, तर कुठलीही बायको तेच करेल. पण खरं औषध त्या कट केलेल्या फोनांमध्येच होतं. पहिला फोन पप्पांनी केला, तो दार वाजवण्यासारखा होता. या सेवेचं काम त्यानंतर सुरू होतं. समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवायला लावतात आणि मग आपणहून पुन्हा पुन्हा फोन करतात: कसं चाललंय, तलफ कधी येते, काल काय झालं, घसरलात का. कॉक्रेन नावाची एक संस्था आहे, ती औषधोपचारांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते. फोनवरच्या अशा मदतीचे 100 हून अधिक अभ्यास, लाखाहून अधिक माणसं, एवढं त्यांनी चाळलं. निष्कर्ष असा, की हेल्पलाइनला फोन करणाऱ्यांना समुपदेशकाने नंतर आपणहून अनेकदा फोन केले, तर सुटण्याचं प्रमाण शंभरात 7 वरून 10 च्या आसपास जातं.

7 चे 10 हे ऐकायला थोडं वाटतं, मला माहीत आहे. पण जी गोष्ट फुकट आहे, घरबसल्या होते, जिला सुई नाही आणि रांग नाही, तिने प्रत्येक शंभरात 3 माणसं जास्त सुटतात. आपल्या पेठेत किती विड्या ओढणारे आहेत ते मोज आणि मग बघ.

तर पप्पांनी जी मदत "घेऊन बघितली" असं त्यांना वाटतं, ती त्यांना पुरती मिळालेलीच नाही. त्यांनी दार वाजवलं, आतला माणूस दार उघडून बाहेर आला, तेव्हा पप्पा झोपलेले होते. हे त्यांना याच शब्दांत सांग. यात त्यांचाही दोष नाही, हे त्यांना कळायला हवं. आत्ता त्यांच्या मनात "आपल्यालाच जमलं नाही" हे बसलंय आणि "त्या फोनानं काय होत न्हाई" हे त्याच्यावरचं पांघरूण आहे.

भीतीचं म्हणशील तर भीतीचा उपयोग होतो, पण कोणी दाखवली आणि शेजारी काय ठेवलं, यावर सगळं आहे.

अमेरिकेत 2012 च्या मार्च महिन्यात सरकारच्या आरोग्यखात्याने एक मोहीम काढली. आजारी पडलेली खरी माणसं टीव्हीवर येऊन आपला दिवस कसा जातो ते सांगायची. त्यात टेरी हॉल नावाची एक बाई होती. घशाच्या कर्करोगाने तिचं स्वरयंत्र काढलेलं. ती सकाळी उठून कशी तयार होते एवढंच दाखवलं होतं: दातांची कवळी, डोक्यावर केसांचा टोप, गळ्याच्या भोकात बसवायचं बोलण्याचं साधन आणि वरून रुमाल. 2013 साली ती गेली. जाहिरातीच्या त्या 12 आठवड्यांत तिथल्या मोफत फोनसेवेचे कॉल आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांपेक्षा 132 टक्के वाढले, म्हणजे दुपटीहून जास्त झाले. जाहिराती थांबल्या आणि कॉल परत खाली आले. मला यातली दोन्ही टोकं महत्त्वाची वाटतात. जाहिरात माणसाचा हात फोनपर्यंत नेते आणि ती थांबली की हात पुन्हा खाली येतो. ती भीती लवकर निवते. म्हणूनच ती ताजी आहे तोवर जो फोन लागतो, त्याला धरून पुढचे फोन व्हावे लागतात.

दुसरी गोष्ट तू पाहिलेलीच आहेस. थिएटरमध्ये पप्पा गप्प झाले आणि त्यांनी नंबर मागितला. घरात तीच जाहिरात लागली की ते उठून जातात आणि विडी पेटवतात. जाहिरात तीच, माणूस तोच. फरक एवढाच, की थिएटरच्या अंधारात त्यांना कोणी बघत नव्हतं. तिथे ती भीती त्यांची एकट्याची होती आणि घरी आल्यावर तिच्यातून बाहेर पडायला हाताशी नंबर होता. घरात मात्र मुलगा आवाज मोठा करतो, सगळ्यांच्या नजरा वळतात आणि भीतीची जागा अपमान घेतो. अपमान झालेल्या माणसाला विडी लागतेच. पस्तीस वर्षं त्यांचं मन असंच शांत होत आलंय.

भावाला मुकेशबद्दल सांग. तो कुठल्या जाहिरात कंपनीने उभा केलेला नट नव्हता. आपल्या भुसावळचा मुलगा होता तो, मोलमजुरी करणाऱ्या घरातला. गुटख्याने तोंडाचा कर्करोग झाला, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालू होते, आणि 2009 साली वयाच्या 24 व्या वर्षी तो गेला. तुझ्या भावाहून फार मोठा नसेल. जाहिरातीतले ते शब्द त्याने आजारपणात, इतरांचं तरी सुटावं म्हणून कॅमेऱ्यासमोर उच्चारले. त्याचं नाव घराघरांत टोमणा म्हणून वापरलं जातं, त्याच्यावर विनोद होतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. भावाला रागावू नकोस, फक्त हे सांग. मुलं समजून घेतात.

माझ्याही हातून हे झालेलं आहे. आमचे अण्णा विडी ओढायचे. मी आठवीत असताना त्यांची बंडलं शोधून गटारात टाकायचे, भिंतीवर खडूने "विडी = मरण" लिहायचे आणि मला वाटायचं मी फार मोठं काम करते आहे. झालं इतकंच, की अण्णा घरात ओढायचे थांबले आणि टपरीवर उधारीवर ओढायला लागले. खोकला आला की आमच्यापासून लपवायला लागले. तीन वेळा सोडली, तीन वेळा धरली. चौथ्या खेपेला सुटली, तेव्हा आईने फक्त एक केलं होतं. रात्रीच्या जेवणानंतर ते विडी घेऊन ओट्यावर जायचे, त्या वेळेला ती त्यांच्याबरोबर चालायला जायला लागली. काही बोलायची नाही. गावाच्या वेशीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

पप्पांच्या 19 दिवसांकडे तुम्ही सगळे "फसलं" म्हणून बघताय. मी तसं बघत नाही. निकोटिन, म्हणजे तंबाखूतला सवय लावणारा पदार्थ, सुटताना शरीर सगळ्यात जास्त त्रास देतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांत. चिडचिड, झोप न लागणं, डोकं जड होणं हे पुढच्या दोन-चार आठवड्यांत ओसरत जातं. म्हणजे पप्पांनी सगळ्यात अवघड चढ चढून संपवला होता, तोही रातपाळी करून आणि जवळजवळ एकट्याने. ते पडले ते शरीराच्या ओढीने नाही, लग्नातल्या मांडवामागच्या घोळक्यात पडले. सोबत्यांनी पुढे केलेली विडी नाकारायची कशी, एवढंच त्यांना शिकायचं राहिलंय. आणि एक ओढली म्हणजे सगळं बुडालं असं नसतं. त्या रात्री कोणी त्यांना फोनवर "एकच ना, सकाळी परत सुरू करू" म्हटलं असतं, तर कदाचित 20 वा दिवस उजाडला असता. कट झालेल्या फोनांपैकी एखादा नेमका तोच असेल, कोण जाणे.

आपल्या देशात सोडायचा प्रयत्न करणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोक कोणाचीच मदत घेत नाहीत. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात हे पुढे आलं. पप्पांनी निदान फोन उचलला होता. हे त्यांच्यासमोर एकदा मोठ्याने म्हण.

आता परत फोन करायचा तो असा. नंबर तोच, 1800-11-2356. 2016 साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सेवा सुरू झाली. सप्टेंबर 2018 पासून हा नंबर विडी-सिगारेटच्या पाकिटांवर आणि तंबाखूच्या पुड्यांवर छापणं सक्तीचं झालं आणि तेव्हापासूनच इतर भारतीय भाषांची सोय वाढत गेली. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दिवसा करा. सोमवारी लागला नाही तर मंगळवारी करा.

फोन पप्पांनीच करायचा, तू नाही. पण आधी दोघं मिळून एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा, कारण फोनवर माणूस गडबडतो. उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते (अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे, समुपदेशकाला हे कळायलाच हवं). दिवसाला किती होतात. मागच्या वेळी 19 दिवस कसे काढले आणि कुठे घसरले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांनी परत फोन कधी करायचा. रातपाळीच्या आठवड्यात दुपारी तीननंतर, दिवसपाळीत संध्याकाळी सहानंतर, किंवा तुमच्याकडे जशी वेळ असेल तशी. हे त्यांना स्पष्ट सांगा. न सांगता त्यांना कळणार कसं, की इचलकरंजीत एक माणूस सकाळी अकरा वाजता गाढ झोपेत असतो?

सोडण्याचा दिवसही पाळी बघून धरा. आत सुताची धूळ असते, ठिणगी नको म्हणून कारखान्यात ओढता येत नाही. मग रात्री दोनच्या चहाला सगळे मिळून बाहेर टपरीवर येतात आणि एकमेकांच्या काडीवर विड्या पेटतात. पप्पांची खरी परीक्षा तिथे आहे. पहिला आठवडा रातपाळीचा नसेल असा दिवस धरा. आणि जोडीदारांपैकी ज्याचं ते ऐकतात, अशा एकाला आधीच सांगून ठेवायला सांग: "मला विडी देऊ नको, मागितली तरी देऊ नको." सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक पुरतो.

तलफ आली की ती काही मिनिटं जोरात असते आणि मग उतरते. तेवढा वेळ काढायचा असतो. पाणी घोट घोट प्यायचं, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाकायची, जागा सोडून दुसरीकडे जायचं. त्यांना हे बाळबोध वाटेल. पण 19 दिवस त्यांनी असंच काहीतरी केलं असणार, त्यांनाच विचार काय केलं होतं. ते स्वतः सांगतील तेच पुन्हा चालेल.

तलफ कमी करायला निकोटिनचा गम मिळतो, त्याबद्दलही त्यांनी विचारावं. 2 मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. बहुतेक लोक तो साध्या च्युइंगगमसारखा चघळतात, मळमळतं आणि टाकून देतात. तो चार-सहा वेळा चावायचा, तोंडात चुणचुणलं की गालाच्या आत दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की परत चावायचा. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा प्यायचा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. यंत्रमागावरच्या माणसाला चहा सोडवत नाही हे मला कळतं, म्हणून चहा आधी, मग थोडं थांबून गम. पप्पांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा काही त्रास असेल तर गम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक वेगळी गोष्ट. पप्पांना खोकला असल्याचं तू लिहिलेलं नाहीस. पण पस्तीस वर्षं विडी आणि सुताची धूळ म्हटल्यावर मी विचारणारच. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, किंवा तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, तर फोनची वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी आणि तोंड तपासून घ्या. हे भीती घालायला लिहीत नाही, तपासणी फुकट होते म्हणून लिहिते.

जाहिरात लागली की काय करायचं? काहीच नाही. आवाज होता तेवढाच ठेवायचा. कोणी कोणाकडे बघायचं नाही. पप्पा उठून गेले तर जाऊ द्यायचं. त्यांना त्या जाहिरातीने काय सांगायचं ते तिने एकदा थिएटरमध्ये सांगून झालेलं आहे आणि त्यांनी ते ऐकलंही होतं. पाच मिनिटांनी तू बाहेर जा आणि त्यांच्याशेजारी बस, दुसऱ्या कशाबद्दल तरी बोल. मागाबद्दल बोल. पगाराबद्दल बोल. तुझ्या नोकरीचं काय चाललंय ते सांग.

आणि आज संध्याकाळी एवढं कर. पप्पांच्या फोनमध्ये हा नंबर त्यांना आवडेल त्या नावाने सेव्ह करून दे. परत येणारा कॉल कदाचित दुसऱ्याच नंबरवरून येईल, म्हणून समुपदेशकाशी बोलणं झालं की ठरलेली वेळ एका चिठ्ठीवर लिही आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकव. आईला सांग, या वेळेत अनोळखी नंबर वाजला तर कट करू नको, पप्पांना हाक मार. झोपले असतील तरी.

तुझी,
ताई